‘दिवस सरले’ म्हणजे ‘दिवस संपले’च का? ‘सरणे’ हा शब्द आला कुठून?

‘संपले’ हा अर्थ आहेच, पण नुसता तेवढाच नाही. संस्कृतात ‘सृ’ धातू आहे. ‘सरति’ म्हणजे चालतो, वाहतो, पुढे जातो. प्राकृतात त्याचं ‘सरइ’ झालं आणि आपल्याकडे ‘सरणे’. सरिता, संसार, पसरणे हे सगळे याच घरातले.

आता मी या शब्दावर एवढा का पेटतो ते सांगतो. 1988 साली मी सहावीत होतो, ठाण्यात किसननगरला राहायचो. आई कराडकडची, चौथी शिकलेली. आमच्या घरी तेल, पीठ, रॉकेल कधी संपायचं नाही, सरायचं. निबंधात मी लिहिलं, ‘महिना सरत आला की आई डब्यात हात घालून पीठ चाचपते.’ बाईंनी ‘सरत’खाली लाल रेघ मारली, कडेला ‘ग्राम्य’ लिहिलं आणि ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. पोरं हसली. घरी आईने वही बघितली. बोलली काहीच नाही, पण त्यानंतर शेजारणींसमोर ‘तेल संपलं’ म्हणायला लागली. ते मला अजून सलतं.

आणि त्याच आठवड्यात त्याच बाईंनी फळ्यावर म्हण लिहिली होती, ‘गरज सरो, वैद्य मरो’! म्हणीतला ‘सरो’ शुद्ध आणि माझ्या आईचा ग्राम्य?

अर्थाचं म्हणाल तर आधी हलणं, मग त्यातून संपणं. ‘बाजूला सर’ म्हटल्यावर कोणी संपत नाही. ओहोटीला कळव्याच्या पुलावरून खाडी बघा, पाणी ओसरतं. ‘ओसरणे’ही ‘सृ’चंच. पाणी आटलेलं नसतं, निघून गेलेलं असतं. दिवस तसेच जातात, डब्यातलं पीठही. ‘संपले’त नुसता शेवट कळतो, ‘सरले’त एकेक दिवस जाताना दिसतो. माझ्या मते हा शब्द ‘संपणे’पेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

‘विसरणे’ मात्र यात ओढू नका, ते ‘विस्मृ’वरून आलंय. आणि ‘सरणे’ सगळीकडे चालतं असंही नाही. काळ सरतो, साठा सरतो, गरज सरते. सिनेमा किंवा मॅच संपतेच.

तुम्ही शिक्षक असाल तर मुलाच्या वहीत घरचा शब्द दिसल्यावर आधी कोश उघडा, लाल पेन नंतर. आईला मी हे सगळं समजावलंय. घरात ती पुन्हा ‘सरलं’ म्हणते. दारात कोणी आलं की अजूनही ‘संपलं’च.