काउंटरमागची बॅग आणि 'मालक जबाबदार नाही'

प्रश्न : वडिलांना मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवायला वणीहून नागपूरला आलो. कॉटन मार्केटजवळच्या सातशे रुपयांच्या लॉजवर थांबलो. दुपारी 12 ला रूम सोडली, पण एसटी संध्याकाळची होती. मॅनेजर म्हणाला, "बॅग इथेच ठेवा, काही होत नाही." परत आलो तर काउंटरमागची बॅग गायब. आत लॅपटॉप, कपडे आणि वडिलांची फाइल होती. पावती नाही, बिल नाही. मॅनेजर 'सामानास मालक जबाबदार नाही' ही पाटी दाखवतो. ठाण्यात म्हणाले, हरवल्याची नोंद करा. काही करता येईल का?

उत्तर : भाऊ, करता येईल, आणि केलंच पाहिजे.

बॅग खोलीतून गेली असती तर तुमची बाजू कमजोर होती, कारण किल्ली तुमच्याकडे होती. इथे मॅनेजरने ती स्वतः ठेवून घेतली. करार कायद्यात (1872) याला निक्षेप म्हणतात. कलम 151 प्रमाणे, ठेवून घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. त्यासाठी पावती असलीच पाहिजे असं नाही.

राहिली पाटी. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमध्ये पाहुण्याने गाडीची किल्ली कर्मचाऱ्याकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. टोकनवर 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये सांगितलं, की असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. वस्तू ताब्यात घेतली, की ती कशी गेली याचा खुलासा हॉटेलने करायचा. वेगळे पैसे घेतले नव्हते ही सबबही चालली नाही. ते हॉटेल पंचतारांकित होतं हे खरं. तुमच्या लॉजकडून तेवढ्या बंदोबस्ताची अपेक्षा कोणी करणार नाही, पण बॅग उघड्यावर टाकून काउंटर सोडून जाणं स्वस्त लॉजलाही माफ नाही.

सगळ्यात घाई सीसीटीव्हीची आहे. नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवा, असं मालकाला आजच लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही.

पोलिसांकडे 'हरवली' असं लिहून देऊ नका. बॅग हरवली म्हटलं, की दोष तुमच्याकडे येतो. 'मॅनेजरच्या ताब्यात दिलेली बॅग चोरीला गेली' हे वाक्य अर्जात तसंच येऊ द्या. तरी गुन्हा नोंदवला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173(4) खाली तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा.

भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळला तक्रार करता येते. नागपूरच्या चकरा वाचतात. मुदत दोन वर्षं. फी तुम्ही लॉजला दिलेल्या रकमेवर ठरते आणि 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे. वकील लावणं सक्तीचं नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आहे, लॉजच्या रजिस्टरात तुमची सही आहे. ते रजिस्टर मागवायची विनंती तक्रारीतच करा. लॅपटॉपची आजची किंमतच लिहा. फुगवलेला आकडा दिसला, की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

आता फाइल. वडील भरती होते तेव्हाचे कागद रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात असतात. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ते 72 तासांत मिळायला हवेत. वडिलांची पुढची तारीख जवळ असेल, तर तक्रारीच्याही आधी हे काम करा.