क्राकूफच्या मुख्य बाजारचौकासाठी एकच दुपार हाती असेल, तर तिथे काय पाहावे?

पोलंडमधील या चौकात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मान वर करून मनोरेच पाहत हिंडलो आणि पायाखालचे पाहायचे राहून गेले. म्हणून आपण सुरुवात दक्षिणेकडच्या कोपऱ्यातील संत वोयचेखच्या चिमुकल्या चर्चपासून करावी, असे सुचवतो. ड्यूक बोलेस्वाफ याने १२५७ साली शहराला नवी सनद दिली, त्या वेळी प्रत्येक बाजूस सुमारे २०० मीटर लांबीचा हा चौक दोरी धरून आखावा तसा आखला गेला. चर्च त्याहून जुने असल्यामुळे ते आखणीला न जुमानता आजही तिरकेच उभे आहे. त्याच्या दक्षिणेकडील भिंतीशी वाकून पाहिलेत, तर जुन्या दगडी दाराची चौकट आजच्या फरसबंदीच्याही खाली गेलेली दिसेल. चर्च खचलेले नाही. शतकानुशतके साचलेला चिखल-कचरा आणि त्यावर पुन्हा पुन्हा घातलेली फरसबंदी यांमुळे चौकच वर चढत गेला आहे.

हीच गोष्ट सविस्तर पाहायची असेल, तर चौकाच्या मधोमध असलेल्या सुकिएनित्से या कापडबाजारापासून जमिनीखाली उतरावे. तिथे २०१० साली उघडलेल्या संग्रहालयात उत्खननात सापडलेले मध्ययुगीन रस्ते आणि दुकानांचे पाये जागच्या जागी राखले आहेत. माझे पाय मात्र खिळले ते जवळपास ७०० किलो वजनाच्या शिशाच्या लगडीपाशी. इथल्या बाजाराचा आवाका केवढा असेल, हे तिच्याकडे पाहून जितके कळते तितके माहितीफलक वाचून कळत नाही. तिकिटे ठरावीक वेळेची असतात, तेव्हा ती आगाऊ काढून ठेवावीत. वरच्या कापडबाजारात आता कापडापेक्षा अंबराचे, म्हणजे पिवळसर जीवाश्म राळेचे, दागिनेच अधिक दिसतात. १५५५ च्या आगीनंतर नव्याने बांधलेली ती इमारत बाहेरून पाहिली तरी चालेल.

उरलेला वेळ मरियमच्या चर्चला द्यावा. फाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून कोरलेली लाकडी वेदी आत आहे. दर तासाला चर्चच्या उंच मनोऱ्यातून तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. १२४१ च्या तातार हल्ल्यात पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून, असे वाटाडे सांगतात. गोष्ट सुंदर असली तरी ती दंतकथाच आहे. तोच सूर चार दिशांना चार वेळा वाजवतात, त्यामुळे वाजवणाऱ्याची खिडकी पहिल्या खेपेस सापडली नाही, तरी जागा सोडू नये.