मुदत सोडू नकोस

सातारा

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा पिक्चर मोबाइलवर, घरबसल्या दाखवायला घेणारी कंपनी थेटराला जेमतेम दोन आठवडे ठेवतेय. परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "काका, चौदा दिवसच म्हणतायत ते, काय करू?" मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. पिक्चर कसा झालाय ते तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. थेटरात लागल्यावर पंधराव्या दिवशी घराघरांत दाखवायला दिलास तर रक्कम मोठी, आठ आठवडे थांबलीस तर लहान, एवढाच पेच आहे ना? माझं उत्तर एकच आहे: थेटराची ही आठ आठवड्यांची मुदत सोडू नकोस.

हे सगळं मोबाइल आल्यापासून सुरू झालं, असं तू म्हणालीस. तसं नाही गं. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ टीव्हीवर कॅसेट लावायचा व्हीसीआर. तेव्हा नव्या पिक्चरच्या प्रिंटा मोजक्या निघायच्या. आधी मुंबई-पुण्याला लागायचा, तिथून उतरला की मग रिळांची पेटी आपल्याकडे यायची. कॅसेट मात्र पेटीच्या कितीतरी आधी साताऱ्याच्या स्टँडवर उतरायची. म्हणजे मोठ्या शहरातल्या थेटराला निदान पहिले काही आठवडे मिळायचे, आपल्याला एक दिवससुद्धा नाही.

मी इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. १९८६ साली मी आणि एका मित्रानं व्हीसीआर आणि टीव्ही भाड्यानं आणला, गल्लीतल्या एका खोलीत सतरंज्या टाकल्या आणि माणशी दोन रुपये घेऊन पिक्चर दाखवायला लागलो. त्यातला एक पिक्चर पुढच्या महिन्यात आमच्याच टॉकीजला लागणार होता. मालकांनी तो मिनिमम गॅरंटीवर घेतलेला, म्हणजे गर्दी होवो न होवो, वितरकाला ठरलेले पैसे मोजायचेच. पेटी आली, मी रीळ चढवलं आणि प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेतून खाली पाहिलं. बाल्कनीत अकरा माणसं. खाली आमच्या गल्लीतलं एकही डोकं नव्हतं. त्या सगळ्यांनी तो माझ्या सतरंजीवर बसून पाहिला होता.

मालक मला काही बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं की नाही, तेही मला कधी समजलं नाही. चार वर्षांनी टॉकीज बंद पडली, आता तिथे गाळे आहेत. बहिणीचं लग्न ठरलेलं, पगार पुरत नव्हता, आणि मी नसता आणला तर नाक्यावरच्या कुणी तरी तो व्हिडिओ आणलाच असता. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ते खोटंही नाही. एका खोलीमुळे टॉकीज बंद पडत नाही. करमणूक कराचं ओझं होतं, डागडुजी रखडली होती, पुढे केबल आली. पण ती अकरा माणसं अजून दिसतात. म्हणून या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही.

आता हिशेब बघ. २००९ साली मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते यांच्यात दोन महिने संप चालला आणि शेवटी तिकिटाच्या पैशांची वाटणी ठरली. निर्माता-वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, नंतर ३०. म्हणजे थेटरवाल्याचा वाटा वाढत जातो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. नेमके तेच आठवडे तू काढून घेतलेस, तर त्यानं तुझा पिक्चर सकाळी दहाऐवजी संध्याकाळी सहाला का लावावा? मला सांग ना, का लावावा?

त्या कंपनीचा माणूस तुला 'भूल चूक माफ' या हिंदी पिक्चरचा दाखला देतोय. २०२५च्या मे महिन्यात तो ९ तारखेला थेटरात लागायचा होता. आदल्या दिवशी मागे घेतला आणि थेट घरी दाखवायचं जाहीर केलं. मल्टिप्लेक्सवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, मग तडजोड होऊन २३ मेला थेटरात आणि ६ जूनला घरी. आठ आठवड्यांचे दोन झाले. पण त्याच्यामागे नावाजलेले नट होते, देशभर पडदे होते, त्याला पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचता येते. तुझा पिक्चर शुक्रवारी बघून आलेली बाई सोमवारी शेजारणीला सांगणार, शेजारीण पुढच्या रविवारी नवऱ्याला काढणार, आणि मेढ्या-परळीकडची माणसं त्याच्याही नंतर एसटीनं येणार. चौदा दिवसांत ही साखळी कशी पुरी व्हायची? त्यातून "येईलच की मोबाइलवर" हे एकदा लोकांच्या तोंडी बसलं की शेजारीण उठतच नाही.

१९९४ साली राजश्रीवाल्यांनी 'हम आपके हैं कौन'ची कॅसेट बाजारात आणली नाही. लोकांना थेटरातच यावं लागलं आणि बायका-पोरं घेऊन लोक आलेही. पिक्चर मोठा होता, मान्य. पण थांबायचं त्यांनी ठरवून ठरवलं होतं.

२०२० साली थेटरं बंद असताना ज्यांनी थेट घरी दाखवलं त्यांना मी बोल लावत नाही. कुलूप होतं, करणार काय? तुझ्यापुढे कुलूप नाही.

आईचे दागिने ठेवलेत, हे तू खालच्या आवाजात सांगितलंस. त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कर्ज काय असतं ते मी बहिणीच्या लग्नात पाहिलंय, तेव्हा तुला साधुगिरी शिकवत नाही. ते आठ आठवड्यांना देतायत त्या रकमेत दागिने सुटतात का, ते आधी कागदावर मांड. सुटत असतील तर पुढचं बोलणंच नको. सुटत नसतील तर घासाघीस करून सहा आठवड्यांवर ये, त्याखाली नाही. रक्कम थोडी कमी झाली तर होऊ दे. सगळ्या राज्यात पसरू नकोस, पडदे कमी घे, पण संध्याकाळचा खेळ माग.

करारात आठवडे आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहून घे. मोजणी सेन्सॉरच्या तारखेपासून नाही, पहिला खेळ लागेल त्या दिवसापासून. आणि पिक्चर पडद्यावर चालू असताना घरच्या तारखेची जाहिरात करायची नाही, हे वेगळं कलम टाकायला सांग. ते विसरतात, मुद्दाम विसरतात. सही करण्याआधी कागद घेऊन इकडे ये. गुरुवारी मी दिवसभर घरीच आहे.

तुझा काका