यती, येती आणि एक गिळलेला ‘द’

प्रश्न असा आला आहे : “हिमालयातल्या ‘यती’चा संस्कृत ‘यति’शी संबंध आहे का? ‘हिममानव’ हा त्याचा योग्य प्रतिशब्द आहे का? अमेरिकेतल्या दंतकथांमधल्या केसाळ, राक्षसी ‘बिगफूट’लाही ‘यती’ म्हटलेलं चालेल का?”

संबंध नाही. खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण २०१९ च्या एप्रिलअखेर भारतीय लष्कराने नेपाळातल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ दिसलेल्या ३२ बाय १५ इंचांच्या ठशांचे फोटो ‘यती’च्या नावाने ट्विटरवर टाकले आणि तेव्हापासून एक वाक्य माझा पिच्छा सोडत नाही : ‘यती म्हणजे बर्फात तप करणारा योगी, गोऱ्यांनी त्याचं जनावर करून टाकलं.’ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असतं, की त्याला विचारावंसं वाटतं, अहो, तपस्व्याच्या पायाला नखं कशाला हवीत?

यती म्हणजे संन्यासी, यती म्हणजे वृत्तातला विराम, त्यावरून यतिभंग, हे सगळं कोणत्याही कोशात आहे. तिथे पाहून घ्यावं. मला थेट तिबेटी शब्दाकडे जायचं आहे, कारण खरी मेजवानी तिथे आहे.

तिबेटीत हा शब्द दोन तुकड्यांचा आहे आणि लिहिताना तो साधारण ‘ग्य-द्रेद’ असा दिसतो. तिबेटी लेखन आणि तिबेटी उच्चार यांचं फारसं पटत नाही. सुरुवातीचा ‘ग’ मुका. ‘द्र’ लिहायचा, पण म्हणताना जीभ वळून ‘ट’च्या आसपास काहीतरी निघतं. शेवटचा ‘द’ सरळ गिळून टाकायचा. उरलं काय? ‘या-टे’. शेर्पांच्या तोंडी ‘ये-टे’, इंग्रजीतून ‘येटी’ आणि आपल्याकडे येईस्तोवर ‘यती’. आता अर्थ. ‘या’ म्हणजे खडकाळ उतार. आणि ‘द्रेद’ म्हणजे अस्वल, तेही तपकिरी अस्वल. यती म्हणजे खडकांतलं अस्वल! ज्याचा शोध घेण्यात लोकांनी आयुष्यं घालवली, त्याची ओळख त्याच्या नावातच लिहिलेली होती. तीही त्या गिळलेल्या ‘द’पाशी.

याच घराण्यातलं दुसरं नाव ‘मि-टे’. ‘मि’ म्हणजे माणूस, म्हणजे हे झालं माणूस-अस्वल. तिसरं ‘झु-टे’, गुराढोरांवर पडणारं अस्वल. तिन्ही नावांत ‘टे’ कायम आहे. शेर्पा बोलत होते अस्वलांच्या प्रकारांबद्दल आणि ऐकणाऱ्यांनी मधला माणूस तेवढा उचलला.

संस्कृतवाद्यांची बाजूही मांडतो, म्हणजे मी ती लपवली असं व्हायला नको. ते यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेचा दाखला देतात : इंद्राने यतींना सालावृकांच्या हवाली केलं. यावरून यती ही कुणी रानटी जमात होती आणि तीच पुढे हिमालयात दडली, असा तर्क काढतात. मला या तर्काचं कौतुक वाटतं, पण पटत मुळीच नाही. सालावृक म्हणजे लांडगे घ्या नाहीतर तरस घ्या. बत्तीस इंची पंजाचा प्राणी त्यांच्या तोंडी इतक्या निमूटपणे जाईल? आणि वैदिक काळात दडलेला शब्द मधली सगळी शतकं सोडून एकदम शेर्पांच्याच बोलीत कसा उगवतो, तोही ‘मि-टे’ आणि ‘झु-टे’ ही भावंडं बरोबर घेऊन? त्या भावंडांची संस्कृत व्युत्पत्ती कुणी दिली, तर मी पुढचं बोलणं ऐकून घेईन.

‘पण नेपाळीतही यति असंच लिहितात’ हा दुसरा आक्षेप. लिहितात, खरं आहे. माझं मत असं की घोटाळा नेमका तिथेच झाला. ओळखीची लिपी हाती असली की अनोळखी शब्दाला ओळखीचे कपडे चढवले जातात. पुरावा हवा असेल तर थोडं पूर्वेला बघा. कांचनजंगा! मूळ तिबेटी नाव ‘कांग-छेन-झो-ङा’ : कांग म्हणजे बर्फ, छेन म्हणजे मोठं, झो म्हणजे खजिना, ङा म्हणजे पाच. महाहिमाचे पाच खजिने. त्याचं संस्कृत वळणाचं ‘कांचनजंघा’ झालं, म्हणजे सोन्याची मांडी. आपण मराठी माणसं आणखी सोवळी. आपल्याला मांडीचा संकोच वाटला, आपण ‘कांचनगंगा’ केलं. एका शिखराच्या नावात ना सोनं, ना मांडी, ना नदी, आणि आपण तिन्ही बसवून दाखवलं. यतीचं तपस्वी होणं हा त्याच कारखान्यातला माल आहे. (‘कांग’वरूनच गंगा आली, असं आता कुणी म्हणू नये. विनंती आहे.)

कांगचा विषय निघालाच आहे तर हिममानवाकडे वळतो. १९२१ साली एव्हरेस्टच्या पाहणीला गेलेल्या हॉवर्ड-बरी यांच्या तुकडीला ल्हाक्पा ला या खिंडीपाशी बर्फात मोठे ठसे दिसले. हॉवर्ड-बरींचा स्वतःचा अंदाज साधा होता : ढांगा टाकत गेलेला राखाडी लांडगा, मऊ बर्फात ठशावर ठसा पडून अनवाणी माणसासारखा आकार झालेला. हमालांनी मात्र सांगितलं ‘मेतो-कांगमी’. यातलं ‘मेतो’ बहुधा आपलं मि-टेच. ‘कांगमी’ म्हणजे बर्फ आणि माणूस. आपला ‘हिममानव’ कांगमीचा अक्षरशः अनुवाद आहे, आणि तोही नकळत, कारण आपण तो इंग्रजी ‘स्नोमॅन’वरून केला. पुढे कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन परतलेल्या हमालांशी बोलले, ‘मेतो’चा अर्थ त्यांनी ‘घाणेरडा’ असा लावला आणि तो आणखी भडक करून ‘अबॉमिनेबल’ लिहिलं. अस्वलाला किळसवाणं ठरवायला एक चुकलेलं भाषांतर पुरलं. यावर कुणा प्राणीशास्त्रज्ञाने नाही, भाषाशास्त्रज्ञाने रागवायला हवं होतं.

तर हिममानव हा शब्द चुकीचा नाही, पण तो यतीचा प्रतिशब्दही नाही. तो कांगमीचा आहे. दोन वेगळी नावं आपण एकाच प्राण्याच्या गळ्यात बांधली, आणि तो प्राणी अस्वल निघाला. १९६० मध्ये एव्हरेस्टवीर हिलरींनी नेपाळातल्या खुमजुंगच्या मठातली ‘यतीची टाळू’ तपासणीसाठी नेली, तर ती सेरो या बकऱ्यासारख्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची ठरली. १९८६ मध्ये तिबेटात ‘त्या’ प्राण्याशी गाठ पडल्याचं सांगणारे गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नर बरीच वर्षं त्याच्या मागावर राहून अखेर अस्वलावरच येऊन थांबले. आणि २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले गेले : आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. प्रयोगशाळेने जे सांगितलं ते ‘द्रेद’ने आधीच सांगितलं होतं. कोश उघडायला मात्र कुणाला सवड नव्हती.

लेखनाचं राहिलं. मराठीच्या नियमाने ऱ्हस्वान्त तत्सम शब्दही एकटा लिहिताना दीर्घ होतो, त्यामुळे संन्यासी ‘यती’ आणि जनावर ‘यती’ कागदावर सारखेच दिसतात. फरक समासात उघडा पडतो. संन्याशाचा धर्म ‘यतिधर्म’, पहिली वेलांटी. जनावर तत्सम नाही, त्याला ही सवलत नाही. त्याचा शोध ‘यतीशोध’, दुसरी वेलांटी. मी स्वतः ‘येती’ लिहितो, म्हणजे प्रश्नच मिटतो. मुद्रितशोधक त्याचं परत ‘यती’ करतात, ते सोडा.

आणि ‘यतीचे दर्शन’ हा मथळा बंद व्हावा. दर्शन देवाचं, संतांचं, फार तर दुर्मिळ पाहुण्याचं. इथे दिसलेले असतात ठसे. तेही बर्फ वितळताना पसरून मूळ पंजाच्या दुप्पट झालेले असू शकतात, किंवा पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडून लांबलेले. ‘ठसे दिसल्याचा दावा’ म्हणा; शिकाऱ्यांचा ‘माग’ हा शब्दही चांगला आहे.

बिगफूटचं विचारलंत. त्याला यती म्हणू नये. ‘बिगफूट’ हे नाव १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘हम्बोल्ट टाइम्स’ या वृत्तपत्राने चालतं केलं, आणि त्याचंच त्याआधीचं नाव ‘सास्क्वाच’ हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हालकोमेलेम भाषेतून आलेलं आहे. तिथला ‘टे’ वेगळा शोधावा लागेल.