ईसीयूचं मॅपिंग घरी स्वतः करता येतं का?

कॅमशाफ्ट बदललाय, इंजेक्टर मोठे घातलेत, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही आणलाय. आता मॅप, म्हणजे किती पेट्रोल द्यायचं आणि स्पार्क कधी पाडायचा याची टेबलं, स्वतः करावा की ट्यूनरकडे जावं, असं तुम्ही विचारलंय. मी पेट्रोलचं टेबल स्वतः केलं आणि स्पार्कचं डायनोवर (इंजिनचा टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) करून घेतलं. तुम्हालाही हेच सुचवेन, कारण पेट्रोलची चूक दिसते, स्पार्कची दिसत नाही.

पण पेट्रोलची चूक दिसायला एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर हवाच. तो लॅम्डा दाखवतो: १ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, १ च्या वर पेट्रोल कमी, खाली जास्त. कंपनीचा नॅरोबँड लॅम्डा १ च्या आसपासच कामाचा, फुल थ्रॉटलला तो निरुपयोगी. बाकी गणित शाळेतलं आहे. पेट्रोलच्या टेबलातल्या एका खान्यात ६२ आहे, सेन्सर ०.९५ दाखवतोय आणि तुम्हाला ०.८७ हवंय, तर ६२ गुणिले ०.९५ भागिले ०.८७, म्हणजे साधारण ६८. गाडी चालवताना लॅपटॉपकडे बघू नका. लॉग घ्या, थांबा, मग आकडे बदला.

त्याआधी टायमिंग लाइट लावा. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) १० अंशांवर लॉक करा आणि क्रँक पुलीवरही १० च दिसतंय ना, ते पाहा. तिथे ७ दिसलं तर तुमच्या स्पार्क टेबलातला प्रत्येक आकडा खोटा.

मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. आयडलिंग मस्त जमलं होतं, पण हेडलाइट आणि पंखा लावला की इंजिन अडखळायचं, लॅम्डा १.१५ वर जायचा. दोन संध्याकाळी मी आयडलचेच खाने खालीवर करत बसलो. दोष मॅपचा नव्हताच. व्होल्टेज १४ वरून साडेबारावर आलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो. हा डेड टाइम असतो साधारण एक मिलिसेकंद, आणि आयडलला इंजेक्टरला मिळणारा सगळा पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांचा, त्यामुळे थोडी चूकही तिथे मोठी होते. इंजेक्टरच्या डेटाशीटमधला व्होल्टेजनुसारचा डेड टाइम भरला आणि खोड गेली. मात्र तोवर केलेले सगळे खाने पुन्हा करावे लागले, ते वेगळंच.

अजून एक सापळा: मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि तो लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरीही तेच. अशा वेळी पेट्रोल वाढवत गेलात तर प्लग काळे होतील, बाकी काही नाही.

स्पार्कला मात्र रस्त्यावर हात लावू नका. वरच्या आरपीएमला नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) एक्झॉस्टच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि येईपर्यंत पिस्टन गेलेला असू शकतो. शिवाय स्पार्क दोन अंश अ‍ॅडव्हान्स (आधी) केल्यावर टॉर्क वाढला की नुसताच सिलिंडरमधला दाब, हे डायनोशिवाय कळणार कसं?

कोल्ड स्टार्टचे (थंड इंजिन सुरू करतानाचे) आकडे घरीच करा, डायनोवाल्याकडे त्यासाठी वेळ नसतो. इंजिन पूर्ण थंड व्हायला रात्र जाते, म्हणून एका सकाळी एकच प्रयत्न मिळतो. माझं दोन महिने चाललं होतं.