बाळ लुळं असेल तर ‘धरेल हळूहळू’ म्हणत थांबू नका

रिपोर्टवर ‘इम्प्रिंटिंग’ हा शब्द वाचून घाबरलेल्या पालकांचे प्रश्न सतत येतात. त्यातले काही इथे घेतो.

इम्प्रिंटिंग म्हणजे जनुक बिघडलंय का?
नाही. मोजक्या जनुकांवर ‘आईकडची’ किंवा ‘वडिलांकडची’ अशी रासायनिक खूण असते, आणि तिच्यामुळे दोनपैकी एकच प्रत चालते. ही व्यवस्था आपल्या सगळ्यांत असते.

तिसऱ्या महिन्यापासून एक पावडर घेतली तर बाळाचा ‘एपिजेनेटिक कोड’ सुधारतो, असं क्लासमध्ये सांगितलं. घेऊ का?
पैसे घालवू नका. बीजांड आणि शुक्राणूकडून आलेल्या बहुतेक रासायनिक (मिथाइल) खुणा गर्भाच्या पहिल्या आठवड्यातच पुसल्या जातात. इम्प्रिंटच्या तेवढ्या जपल्या जातात. तुमची पाळी चुकण्याआधीच हे होऊन गेलेलं असतं. फोलिक ॲसिड मात्र डॉक्टरांना विचारून, शक्यतो गर्भ राहण्याआधीपासून घ्या.

बाळ आयव्हीएफचं आहे. धोका जास्त?
बेकविथ-वीडेमन सिंड्रोमसारख्या, इम्प्रिंटिंग बिघडल्याने होणाऱ्या काही आजारांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं, पण मुळात ते फार कमी आहे. जीभ मोठी, बेंबीपाशी हर्निया किंवा जन्मतः साखर कमी असेल, तर जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवा.

बाळ पाच महिन्यांचं, मान धरत नाही, दूध ओढत नाही. कॅरिओटाइप नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिरा बसले. थांबू का?
थांबू नका. मला सगळ्यात जास्त वेदना होतात त्या याच वाक्यामुळे वाया गेलेल्या महिन्यांच्या.

कॅरिओटाइप नॉर्मल म्हणजे ४६ गुणसूत्रं मोजली आणि ठळक दोष दिसला नाही, एवढंच. प्रेडर-विली सिंड्रोम या इम्प्रिंटिंगच्या आजारात बहुतेकदा पंधराव्या गुणसूत्राचा वडिलांकडचा इवलासा भाग गळालेला असतो, किंवा पंधरावी दोन्ही गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात. मोजणी तरीही ४६च भरते. आईकडच्या प्रतीवर ती जनुकं मुकी असतात, म्हणून काम करायला कुणीच उरत नाही. (तोच भाग आईकडचा गळाला, तर अँजेलमन हा निराळाच आजार होतो.) प्रेडर-विली ओळखायला मिथाइलेशनची, म्हणजे त्या रासायनिक खुणांची, तपासणी लागते; प्रेडर-विलीची ९९ टक्क्यांहून जास्त बाळं तिच्यात सापडतात.

असं बाळ पोटाखाली हात घालून उचललं की ओल्या पंच्यासारखं दोन्हीकडे ओघळतं. रडणं पलीकडच्या खोलीत पोचत नाही. मग काही वर्षांत तेच मूल पुन्हा पुन्हा ताट मागतं आणि घर सुखावतं, ‘लागलं बाई एकदाचं खायला!’ ती भूक भागतच नाही. तोवर निदान झालेलं असेल तर आहाराला आधीच शिस्त लागते. झोपेतला श्वास तपासून ग्रोथ हार्मोनही वेळेत सुरू करता येतं. तो निर्णय एंडोक्रिनॉलॉजिस्टचा (हार्मोनतज्ज्ञांचा).

लुळेपणाला इतर कारणंही असतात. एसएमए (स्नायू दुबळे होत जाणारा जनुकीय आजार) निघाला तर एकेक आठवडा मोलाचा. याच आठवड्यात बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्याला प्रेडर-विली आहे. दुसऱ्याला होईल?
बहुतेकदा शक्यता एक टक्क्याहून कमी. पण गुणसूत्रावरच्या, या खुणा बदलणाऱ्या केंद्रातच दोष असेल आणि तो वडिलांत असेल, तर ५० टक्क्यांपर्यंत. वडिलांना तो त्यांच्या आईकडून मिळालेला असतो, म्हणून ते स्वतः ठणठणीत असतात. पहिल्या बाळाचा पूर्ण रिपोर्ट घेऊन, दिवस जाण्याआधी, दोघंही समुपदेशनाला या.