न्यू जर्सीचं लायसन्स, व्हर्जिनियातलं तिकीट आणि ऑनलाइन भरायला रक्कमच दिसत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यू जर्सीतल्या एडिसनहून फ्लोरिडातल्या ऑरलँडोला निघालात, आय-९५ हायवेवर व्हर्जिनियात ताशी ७० मैल लिमिटच्या रोडवर ८९ ला ट्रूपरने, म्हणजे स्टेट पोलिसाने, पकडलं, कागदावर ४६.२-८६२ हे कलम लिहिलंय, वेबसाइटवर दंड भरायला गेलात तर रक्कमच येत नाही, आणि डिसेंबरात भारतात एच-१बी स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर वर्क व्हिसा लावून घेणं, आहे. बरोबर ना?

रक्कम येत नाही कारण ते दंडाचं तिकीटच नाहीये. आपल्या डोक्यात पुण्याचा मामा असतो, पावती फाडली, पैसे दिले, विषय संपला. व्हर्जिनियात मात्र लिमिटपेक्षा २० किंवा जास्त, नाहीतर लिमिट काहीही असो, ८५ च्या वर गेलात की तो रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंगचा गुन्हा, क्लास १ मिसडिमीनर (किरकोळ फौजदारी गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग), म्हणजे कागदोपत्री १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. तुम्ही लिमिटच्या फक्त १९ वर होतात म्हणून पहिल्या कलमातून सुटलात पण ८५ च्या वर गेल्याने दुसऱ्यात अडकलात. हा आकडा २०२० च्या जुलैपर्यंत ८० होता बरं का, म्हणजे तेव्हा ७० च्या रोडवर ८१ ला पण हीच केस. आपल्या न्यू जर्सी टर्नपाइक हायवेवर ८१ ला मागचा हॉर्न मारतो.

घाबरू नका, पहिल्याच वेळी आणि साफ रेकॉर्ड असताना ८९ ला कुणाला आत टाकलेलं मी तरी पाहिलं नाही. पण कन्व्हिक्शन झालं, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलं, तर ते क्रिमिनल कन्व्हिक्शन आहे, व्हर्जिनियाच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर ११ वर्षं राहतं, साधं स्पीडिंग ५ वर्षं. आणि डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारतात की कधी अटक किंवा कन्व्हिक्शन झालंय का, तिथे "ते ट्रॅफिकचं होतं हो" असं स्वतःच ठरवून 'नो' टिक करू नका. त्यासाठी इमिग्रेशनच्या वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे द्या, कंपनीचा वकील असेल तर त्याला आजच ईमेल टाका, ट्रॅफिकचा वकील यावर सल्ला देणार नाही आणि दिला तर ऐकू नका.

"दुसऱ्या स्टेटचं तिकीट आहे, इकडे कळणार कसं" असं तुमच्या मित्राने सांगितलंय, तर मित्राला चहा पाजा आणि सोडून द्या. ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट नावाचा करार आहे, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया दोन्ही त्यात आहेत, कन्व्हिक्शनची माहिती इकडे येते. न्यू जर्सी बाहेरच्या स्टेटच्या मूव्हिंग व्हायोलेशनला (गाडी चालवताना मोडलेल्या नियमाला) लायसन्सवर २ पॉइंट लावते, तिकडे व्हर्जिनियात रेकलेसचे ६ असले तरी. मित्र बहुतेक न्यूयॉर्कचा असणार, त्यांना बाहेरच्या स्टेटच्या तिकिटांचे पॉइंट लागत नाहीत, म्हणून ही अफवा फिरते. इन्शुरन्सवाले मात्र पॉइंट नाही, कन्व्हिक्शन कशाचं ते बघतात. आणि तारखेला गेलाच नाहीत तर जज अटक वॉरंट काढू शकतो, मग एअरपोर्टवर काय होईल याचा विचार करत बसायचं.

आता वकील. इकडचा, एडिसनचा ओळखीचा वकील चालणार नाही, त्याच्याकडे व्हर्जिनियाचं लायसन्स पाहिजे, आणि खरं म्हणजे त्याच काउंटीच्या कोर्टात दर आठवड्याला उभा राहणारा पाहिजे. शोधायला फार लागत नाही, केस पब्लिक रेकॉर्ड असते त्यामुळे आठवड्याभरात तुमच्या मेलबॉक्समध्ये पत्रांचा ढीग पडेल. मला १४ आली होती, एकावर तर लाल अक्षरात जेलचं चित्र. चित्रवाल्यांना बाजूला ठेवा, बाकीच्यांपैकी तिघांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: फ्लॅट फी किती, कोर्टात तुम्ही स्वतः येणार की ऑफिसातलं दुसरं कुणी, आणि माझ्या गैरहजेरीत तुम्ही उभे राहू शकता का. मिसडिमीनरला बऱ्याच कोर्टात वकील तुमच्या वतीने उभा राहतो, पण काही जज स्पीड जास्त असेल तर माणूस समोर हवा म्हणतात, हे त्या काउंटीच्याच वकिलाला माहीत. फी देण्याआधी ऑफिसच्या बेनिफिट्समध्ये लीगल प्लॅन घेतलाय का बघा, ओपन एनरोलमेंटला, म्हणजे वर्षातून एकदा बेनिफिट्स निवडताना, आपण डोळे झाकून टिक करतो आणि विसरतो, त्यात बरेचदा ट्रॅफिक तिकीट कव्हर असतं, फक्त त्यांचा वकील व्हर्जिनियात आहे का ते विचारा. कोर्टाकडून फुकट वकील मिळतो तो कमी उत्पन्नवाल्यांना आणि जेलची शक्यता असेल तर, आयटीच्या पगारावर तो नाद सोडा.

माझी केस ८८ ची होती, तीही ७० च्या रोडवर, सिएना मिनीव्हॅन भरून पोरं आणि मागे फराळाचे डबे. वकिलाने सगळ्यात आधी विचारलं टायर कधी बदलले. चार महिन्यांपूर्वी बदलले होते आणि स्वस्त मिळाले म्हणून एक साइज मोठे घेतले होते. टायर मोठा झाला की चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, त्यामुळे गाडी खऱ्यापेक्षा कमी स्पीड दाखवते. त्याने स्पीडोमीटर कॅलिब्रेशन करून आणायला सांगितलं, गॅरेजवाल्याने गाडी रोलरवर चढवून सर्टिफिकेट दिलं, २ मैलांचा फरक निघाला. तेवढ्याने केस सुटत नाही पण माणूस जाणूनबुजून उडवत नव्हता हे दाखवायला कागद मिळतो. सोबत ८ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा क्लास आणि न्यू जर्सीचा ड्रायव्हर ॲब्स्ट्रॅक्ट (ड्रायव्हिंग रेकॉर्डचा उतारा), तो १५ डॉलरला एमव्हीसीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, साइटवर मिळतो.

कोर्टात फोन आत नेऊ देत नव्हते, तो गाडीत ठेवायला परत पार्किंगपर्यंत पळालो. माझ्या आधीचा पोरगा स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला, मी फक्त ट्रॅफिकसोबत चाललो होतो, बाकीचे पण ९० ला होते. जज म्हणाला थँक यू आणि गिल्टी. आपण होऊन कबुली दिली ना. माझा वकील बाहेर कॉरिडॉरमध्येच ट्रूपरशी बोलला होता, आत तीन मिनिटांत ७० ला ७९ चं साधं स्पीडिंग झालं, दंड आणि कोर्ट कॉस्ट भरून दुपारी सबवेत सँडविच खात होतो. तुमचं असंच होईल अशी खात्री कुणी वकील देत असेल तर त्याला घेऊ नका.

समन्सवर, म्हणजे त्या तिकिटाच्या कागदावर, सही केलीत म्हणून काळजी करताय, ती फक्त तारखेला येईन एवढ्याची सही आहे, गुन्हा कबूल केल्याची नाही. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत वरच्या, सर्किट कोर्टात अपील करता येतं आणि केस पहिल्यापासून चालते.

कोर्टाची तारीख फ्लाइटच्या आधीची आहे की नंतरची ते तुम्ही लिहिलंच नाहीत. नंतरची असेल तर वकिलाला पहिल्या फोनवरच सांगा, तारीख पुढेमागे करायची तर त्याला आधी अर्ज द्यावा लागेल. आणि त्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो आत्ता काढून ठेवा, माझा जॉर्जियात पोराच्या ॲपल ज्यूसने भिजला आणि केस नंबर शोधण्यात माझी एक दुपार गेली.